गगनगड किती वेळ टिकेल? एका मोठ्या अवकाश-लढाईच्या आखणीचं प्रकरण

टेबलावरच्या भूमिका-खेळात, विज्ञानकथेच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग कथेत) मोठी लढाई आखायची म्हटलं की जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, आधी जहाजं मोजायला बसतो. शत्रूकडे किती, आपल्याकडे किती, कुणाच्या तोफा भारी. या प्रकरणात मी ते काम मागे ठेवलं आणि आधी वेळ मोजला. माझं ठाम मत असं आहे की लढाई मोठी असेल तर खेळाडूंना ती जिंकायला लावू नये. ती किती वेळ थोपवायची आणि कशासाठी, हे त्यांच्यापुढे ठेवावं. असं का, ते गगनगडच्या लढाईवरून सांगतो.

गट कोल्हापुरातला. राजारामपुरीतल्या एका घराच्या माडीवर रविवारी संध्याकाळी पाच खेळाडू आणि मी जीएम, असे आम्ही बसतो. नियम ट्रॅव्हलरचे, १९७७ साली पहिल्यांदा निघालेल्या खेळाचे, दुनिया आमची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच पुरे: दोन फासे टाकायचे, त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा, बेरीज ८ किंवा जास्त आली की काम फत्ते. जहाजांच्या लढाईतली एक फेरी सहा मिनिटांची. दुसऱ्या ताऱ्याकडे जाण्यासाठी 'जंप' मारावी लागते. ती ग्रहाच्या व्यासाच्या शंभर पट दूर गेल्यावरच सुरक्षित असते आणि तिला साधारण आठवडा लागतो. जंपला इंधनही प्रचंड लागतं. एका पार्सेकला (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांना) जहाजाच्या आकारमानाच्या दहा टक्के. म्हणून लांबून आलेल्या आरमाराच्या टाक्या पोहोचताना जवळजवळ रिकाम्या असतात.

प्रसंग असा होता. पृथ्वीएवढ्या एका ग्रहावरची वस्ती हलवायची आहे. माणसं नेण्यासाठी नऊ मालवाहू जहाजं आहेत, सगळी जुनी, १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाएवढी) पेक्षा जास्त वेग-वाढ न झेपणारी. कक्षेत गगनगड नावाचं स्थानक आहे. (नाव खेळाडूंनी ठेवलं. गगनबावड्याचा गड सगळ्यांचा पाहिलेला.) शत्रूची बारा लढाऊ जहाजं येणार. आपली पाच, आणि खेळाडूंचं स्वतःचं एक, अशी सहा.

हीच लढाई नियमाप्रमाणे फेरीफेरीने खेळायची म्हटली तर? अठरा जहाजं, प्रत्येकाच्या दोन तोफा, म्हणजे फेरीला ३६ वेळा फासे. मालवाहू जहाजांचा रस्ता सहा तास वीस मिनिटांचा, म्हणजे ६३ फेऱ्या. गुणाकार सव्वादोन हजारांच्या वर जातो आणि त्यातले बहुतेक फासे जीएम स्वतःशीच टाकत बसतो. आमच्यापैकी एकाला इचलकरंजीला परतायचं असतं, एकाची सोमवारी शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी असते. म्हणजे हातात चार तास. पण वेळ असता तरी मी ही लढाई अशी खेळवली नसती, कारण निकाल फासे टाकायच्या आधीच कागदावर दिसत होता.

तो हिशेब फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचा. त्याने १९१६ च्या पुस्तकात मांडलेला वर्गाचा नियम असा की, जिथे प्रत्येकजण प्रत्येकावर नेम धरू शकतो तिथे सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा विरुद्ध सहा ही लढाई दुप्पट-निमपट नसते, ती १४४ विरुद्ध ३६ असते. वजाबाकी १०८, तिचं वर्गमूळ दहाच्या थोडं वर. आपली सहाच्या सहा जहाजं जातील आणि शत्रूची दोनसुद्धा पुरती बुडणार नाहीत. उघड्या अवकाशात आडोसा नसतो, त्यामुळे हा नियम तिथे अगदी चपखल बसतो.

पण लँचेस्टरनेच दुसराही नियम सांगितला आहे. जागा इतकी अरुंद असेल की समोरासमोरच्या माणसालाच लढता येतं, तर संख्येचा वर्ग होत नाही. बाराला सहा भिडले तर सहा उरतात. प्रत्येक पडणारा माणूस एकाला घेऊन पडतो. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निघाले. बाजीप्रभूंनी घोडखिंडीत मागं राहून पाठलाग अडवला तो याच गणिताच्या जोरावर. आणि त्या लढाईची दुसरी गोष्ट मला आखणीसाठी जास्त मोलाची वाटते. खिंडीतल्या माणसांना सिद्दीची फौज संपवायची नव्हती. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत थांबायचं होतं. लढाईचा शेवट शत्रूच्या हातात नव्हता, दूरच्या एका इशाऱ्यात होता. आमच्या गटातले दोघं जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलेले आहेत, चिखलातून आणि जळवांमधून. त्यांना हा आराखडा पायांनी माहीत होता.

मग प्रश्न उरला: अवकाशात खिंड कुठे असते?

ती मला स्थानकाच्या फिरण्यात सापडली. गगनगडावर गुरुत्व निर्माण करणारं यंत्र नाही. ते एक मोठं चाक आहे, त्रिज्या २२४ मीटर, मिनिटाला दोन फेरे. एवढ्याने कडेला पृथ्वीसारखं वजन मिळतं. पण कडेचा वेग होतो ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. तिथे कुणी जहाज लावू शकत नाही. जहाज लागतं ते फक्त मधल्या तुंब्याला, जिथे चार धक्के आहेत. तुंब्यातून कडेला जायचं तर चाकाच्या आऱ्यांमधून, अरुंद जिन्यांनी. आणि शत्रूला हे स्थानक फोडून चालत नाही. त्याच्या टाक्या रिकाम्या आहेत आणि या ताऱ्याभोवतीचं साठवलेलं इंधन गगनगडावरच आहे. शिवाय मालवाहू जहाजांच्या वाटेवर नेम धरणारी क्षेपणास्त्रंही इथेच. ते हातात आलं की पाठलागाची गरजच उरत नाही. म्हणजे त्याला माणसं घेऊन आत शिरावंच लागतं, तेही मोजक्या दारांनी. खिंड तयार झाली. शत्रूच्या सेनापतीला काय हवंय हे ठरलं की नकाशा असा आपोआप आवळत येतो. म्हणून मी जहाजांच्या तक्त्याआधी हा एक परिच्छेद लिहून काढतो.

आता वेळ. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,८०० किलोमीटर, म्हणून जंपची हद्द १२ लाख ८० हजार किलोमीटरवर. अर्धा रस्ता वेग वाढवत आणि अर्धा कमी करत जायचं तर १ जी च्या जहाजाला सहा तास वीस मिनिटं लागतात. शत्रूची जहाजं २ जी ची. तीही याच हद्दीवर प्रकट होणार आणि स्थानकापाशी थांबणार, म्हणून त्यांना साडेचार तास. माणसं चढवायला मी दोन तास धरले. शत्रू दिसला तो क्षण शून्य मानला, तर स्थानकावर पहिली धडक साडेचार तासांनी आणि ताफा हद्दीपार आठ तास वीस मिनिटांनी. गगनगड तीन तास पन्नास मिनिटं टिकवायचा.

तो टिकतोय की नाही हे टेबलावर दिसायला हवं होतं. इथे मी पंचगंगेकडून उसनं घेतलं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे इथलं पोरसुद्धा सांगतं. मी सुताराची मोजपट्टी टेबलावर आडवी ठेवली आणि ३० च्या आकड्यावर कपड्यांचा चिमटा लावला. शत्रू आत शिरला की दर फेरीला, म्हणजे दर सहा मिनिटांनी, पाणी एक फूट चढणार. एकापेक्षा जास्त धक्के उघडे असतील तर दोन फूट. ४३ ला स्थानक गेलं. ३९ पर्यंत ज्याला निघायचं आहे त्याने फासे न टाकता निघावं. ३९ नंतर निघणं हे स्वतंत्र संकट.

फेऱ्या मात्र एकेक खेळवायच्या नाहीत. अर्ध्या तासाचा एक टप्पा, त्यात एकच धक्का उघडा धरला तर पाच फूट चढ. स्थानकावर असलेल्या प्रत्येक खेळाडूने टप्प्यात एक काम सांगायचं, फासे टाकायचे. काम झालं की एक फूट थोपला. दोन फाशांवर ८ येण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या जवळ. कौशल्य +१ असेल तर ५८. मधल्या भागात एकेका आकड्याची किंमत १४ ते १७ टक्के आहे, म्हणून मी चांगल्या कल्पनेला +१ पलीकडे बक्षीस ठेवत नाही. त्यापुढे फाशांना अर्थ राहत नाही.

हे आकडे आधी कागदावर चालवून पाहणं फार गरजेचं असतं. पाचही जण स्थानकावर राहिले तर टप्प्याला सरासरी तीन फूट थोपतात, दोन चढतात. धोका पातळी येते पावणेआठच्या सुमाराला. ताफा मात्र आठ-वीसला सुटणार. म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून लढलं तरी सरळ मार्गाने पुरत नाही. हे मी तसंच ठेवलं. खेळाडूंनी वेळापत्रकच बदलल्याशिवाय सुटका नको, असा माझा हिशेब होता, आणि ते बदलण्याच्या तीन जागा मी मोकळ्या ठेवल्या होत्या: धक्के, सेनापतीचा संयम आणि ताफ्याचा रस्ता. तिथे काय करायचं ते मात्र लिहिलं नाही. उत्तर लिहून ठेवलं की जीएम नकळत खेळाडूंना त्याच्याकडे ढकलत राहतो.

बाहेरच्या आरमारी लढाईसाठी मी एकही फासा ठेवला नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बातम्या लिहिल्या, प्रत्येकी दोन-तीन ओळींच्या, आणि कुणाच्या निर्णयाने कोणती ओळ खोडली जाईल त्याची खूण बाजूला. ही पद्धत नवी नाही. प्रशियात १८२४ साली रायस्वित्झने युद्धखेळाचे तपशीलवार नियम तयार केले, तक्ते आणि फाशांसकट. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वाने तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवायचा मार्ग दाखवला. मोठ्या लढाईत मला दुसरा मार्ग पटतो. फासे खेळाडूंच्या हातात असावेत, बाकीचं जग पंचाने प्रामाणिकपणे हलवावं.

आता प्रत्यक्ष काय झालं ते.

वैमानिकाची भूमिका करणाऱ्याने सगळ्यात आधी धक्क्यांकडे बोट दाखवलं. "दारं चारच हैत न्हवं? तीन दारांत आपलीच जहाजं बांधून ठेवू." दोन बचावाची जहाजं आणि एक त्यांचं स्वतःचं. चौथा धक्का मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण सगळंच बंद केलं तर शत्रू नाइलाजाने कुठेतरी भिंत कापेल आणि मग तो कुठून येतोय तेच कळणार नाही. उरलेली तीन जहाजं ताफ्याबरोबर. सहा जहाजांचं आरमार त्याने लढवलंच नाही, त्याचं दार केलं. दर फेरीला दोन फूट चढणारं पाणी एका फुटावर आलं. इतका सुंदर निर्णय मोठ्या लढाईत मी क्वचित पाहिला आहे.

मग ताफ्याचा रस्ता. इंजिनिअरची भूमिका करणारा खरोखर फाउंड्रीत काम करतो, आणि हिशेब कागदावर केल्याशिवाय बोलत नाही. तो बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "भावा, हद्दीवर थांबायचंच न्हाई, तर ब्रेक मारायचाच कशाला?"

बरोबर होतं. जंप मारायला जहाज स्थिर असावं लागत नाही. सगळा रस्ता वेग वाढवतच गेलं तर १ जी च्या जहाजाला सहा-वीसऐवजी साडेचार तास लागतात. गंमत अशी की २ जी ने येऊन थांबणाऱ्या शत्रूलाही तेवढेच साडेचार लागतात. दोन्ही सूत्रं एकाच जागी येतात. हा योगायोग नाही, निम्मा रस्ता आणि दुप्पट जोर एकमेकांना फेडतात. ताफा आता आठ-वीसला नाही, साडेसहाला सुटणार. पण हद्दीवर वेग असेल सेकंदाला १५८ किलोमीटर, आणि या नियमांत जंपच्या पलीकडे वेग तसाच राहतो. मी एवढंच विचारलं, "तिकडं निघाल्यावर?" तो म्हणाला, "तिकडचं तिकडं बघू. हितं माणसं वाचली पायजेत." डॉक्टरची भूमिका करणारीने तिथेच ठरवलं की ती ताफ्याबरोबर जाणार, कारण तिकडचं कुणीतरी बघायला हवं.

तिसरी जागा, सेनापतीचा संयम. वाटाघाटी करणारं पात्र गटातल्या सगळ्यात लहान मुलीचं आहे. ती म्हणाली, "दादा, पन्हाळ्यावर तहाची बोलणी लावूनच वेढा ढिला केला होता की." तिने ताफ्यातल्या जहाजावरून शरणागतीची बोलणी सुरू केली. मी आधीच ठरवलं होतं की कितीही चांगलं बोललं तरी यातून अर्ध्या तासावर काही मिळणार नाही. अनुभवी सेनापती त्याहून जास्त भुलत नाही. तिने तो अर्धा तास पुरा मिळवला. धडक साडेचारऐवजी पाचला.

म्हणजे गगनगडावर उरले तिघं: वैमानिक, इंजिनिअर, तोफची. पाचपासून साडेसहापर्यंत, तीन टप्पे. तिघांनी टप्प्याला सरासरी पावणेदोन फूट थोपवले तर पाणी चाळिसाच्या आसपास राहायला हवं. त्या संध्याकाळी फासे कुणालाच साथ देईनात. पहिला टप्पा संपला तेव्हा चिमटा ३४ वर, दुसऱ्याला ३८ वर. तिन्ही टप्पे मिळून नऊपैकी सहा कामं फसली.

जी जमली त्यातलं एक सांगण्यासारखं आहे. फिरत्या चाकात तुंब्यापासून कडेकडे उतरणारा माणूस सरळ पडत नाही. सेकंदाला पाच मीटरने उतरत असेल तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा जोर त्याला आडवा ढकलतो, चाक फिरतं त्याच्या उलट बाजूच्या भिंतीकडे. इंजिनिअरने ही भिंत ओळखली आणि तिघांनाही समोरच्या बाजूला उभं केलं. शत्रूचे सैनिक उतरताना प्रत्येक वेळी त्याच भिंतीवर आदळत होते. मी त्याला +१ दिला आणि एक फूट थोपला. असे तपशील नियमपुस्तकात शोधायला लागत नाहीत. जागा नीट, तिच्या खऱ्या मापात उभी केली की त्या जागेतून युक्त्या निघतात.

३८ वर टेबल गप्प झालं. पुढच्या टप्प्यात इशारा पातळी ओलांडणार हे दिसत होतं. निघायचं असेल तर आत्ता. तोफची म्हणाला, "एकोणचाळीसला जनावरं हलवायची, त्रेचाळीसला माणसं. आपण अजून अडतीसला हाय." तिघंही थांबले. त्या टप्प्यात त्याचं काम होतं आऱ्याचं शेवटचं दार बंद करायचं. फासे जमले. पण दार ज्या बाजूने बंद होतं ती बाजू कोणती, हे त्याने फासे टाकायच्या आधीच विचारून घेतलं होतं, आणि उत्तर माहीत असूनही टाकले होते. बाकीच्या दोघांची कामं फसली. चिमटा ४२ वर.

साडेसहाला मी ताफ्याचा इशारा वाचला. १२ लाख ८० हजार किलोमीटरवरून प्रकाशाला यायला चार सेकंदांहून थोडं जास्त लागतं, तेवढा मी थांबलो आणि मग नऊ जहाजांची नावं एकेक करून घेतली. वैमानिक आणि इंजिनिअर आपलं जहाज सोडवून निघाले. ३९ च्या वर असल्याने त्यासाठी वेगळे फासे लागले, ते जमले. तोफची दाराच्या पलीकडे राहिला.

त्याच्या मरणाचे फासे मी टाकू दिले नाहीत. एक तर शत्रूला जिवंत कैदी जास्त उपयोगी, हे सेनापतीच्या त्याच परिच्छेदातून येत होतं. दुसरं म्हणजे, ज्याने सगळं माहीत असून दार बंद केलं, त्याच्या निर्णयावर पुन्हा फासे टाकणं मला अन्याय वाटतं. फासे अनिश्चिततेसाठी असतात आणि त्याने ती स्वतःच संपवली होती. इंधनाच्या टाक्या रिकाम्या करायला तिघांना वेळ मिळाला नाही, म्हणून शत्रूला गगनगड इंधनासकट मिळाला. कॅम्पेनमधली ही मोठी हार आहे आणि मी ती सौम्य करणार नाही.

सेशन साडेनवाच्या आत संपलं. चार तासांत सव्वादोन हजारांऐवजी मोजके फासे पडले, आणि प्रत्येक फासा कुणीतरी काहीतरी ठरवल्यानंतर पडला.

आता पुढचं आखायचं आहे. जंपला लागणारा वेळ प्रत्येक जहाजासाठी वेगळा: १४८ तास अधिक सहा फाशांची बेरीज. नऊ जहाजांचे फासे टाकून ठेवले आहेत. पहिलं १६३ व्या तासाला बाहेर येतं, शेवटचं १७६ व्या. प्रत्येकाला बाहेर पडल्यापासून साडेचार तास उलट जोर लावत राहायचं आहे, आणि ज्याचं इंजिन त्यात बंद पडेल ते तासाला पावणेसहा लाख किलोमीटरपर्यंतच्या वेगाने लांब जात राहील. नऊपैकी एका जहाजाचं इंजिन निघतानाच कुरकुरत होतं, हे चढण्याच्या गडबडीत मी दोनदा सांगितलं होतं. त्या जहाजावर डॉक्टर आहे. मोजपट्टी यावेळी चालणार नाही, कारण इथे पाणी चढत नाही, अंतर वाढतं. म्हणून टेबलाऐवजी जमिनीवर दोरी पसरून, तिच्यावर तासाला एक गाठ मारून पाहतो आहे. पाठलाग करणारं जहाज २ जी चं ठेवलं तर किती गाठींच्या आत डॉक्टरला गाठता येतं, तो हिशेब या आठवड्यात पुरा करायचा आहे.